वसूताईंची बिऱ्हाडं

आमच्या शेजारच्या वसूताई रोज दुपारी जेवण झालं की पडवीतल्या आरामखुर्चीत डोळे मिटून पडतात, कानांत स्टेथोस्कोप अडकवतात आणि त्याची चकती स्वतःच्याच पोटावर ठेवून ऐकत राहतात. बरेचदा ऐकता ऐकता त्यांना झोप लागते. वाऱ्याने नळी हलते, मांजर पायाशी येऊन बसतं, गल्लीत आलेला एखादा पाहुणा ते दृश्य बघून कुंपणाच्या गडग्यापाशी थबकतो. आम्हा लोकांना आता सवय झाली आहे. आम्ही पाहुण्याला हलक्या आवाजात सांगतो, "काही नाही हो, पोटाशी बोलतायत."

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो पाण्याच्या वेळा सांगायला. त्या नुकत्याच राहायला आल्या होत्या, नळ कधी येतो हे त्यांना माहीत नसणार, म्हणून गेलो. त्यांनी डोळे उघडले, ओठांवर बोट ठेवलं आणि नळ्या स्वतःच्या कानांतून काढून माझ्या कानांत घातल्या. अशा रीतीने नावगाव विचारायच्या आधीच मी एका साठी उलटलेल्या बाईंचं पोट ऐकलं. आत कुठेतरी लांबवर पाणी सरकत होतं. मधेच एखादा बुडबुडा फुटायचा, मग शांतता, मग पुन्हा ते सरकणं. काय वाटतं, असं त्यांनी विचारलं. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. मी म्हणालो, "ओहोटी लागलेली दिसतेय." त्या इतक्या खूश झाल्या की पाण्याच्या वेळांबद्दल त्यांनी मला बोलूच दिलं नाही. ताक दिलं आणि माझ्या पोटातल्या बिऱ्हाडांची चौकशी केली.

बिऱ्हाडं म्हणजे जंतू. प्रत्येकाच्या आतड्यात असंख्य जंतू राहतात, ते आपलं अन्न पचवतात, आपल्यासाठी चार गोष्टी तयार करून देतात, आणि त्यांचं बिनसलं की आपलं पोटच नाही तर मनही बिघडतं, हे वसूताई समोर येईल त्याला सांगत. "माणूस म्हणजे एकटा जीव नव्हे हो," त्या म्हणायच्या, "चाळ आहे चाळ." रस्त्यात भेटल्या की नमस्काराऐवजी "बिऱ्हाडं कशी आहेत?" असंच विचारत. नवीन आलेल्या पोस्टमनने पहिल्या दिवशी गोंधळून उत्तर दिलं होतं की नाही हो, आम्ही स्वतःच्याच घरात राहतो.

त्या डॉक्टर होत्या, पण औषध देणाऱ्या नव्हेत. रत्नागिरीतच वाढल्या, शिकायला म्हणून मुंबईला गेल्या आणि तिथल्या एका प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर इथे भावाच्या घरी राहायला आल्या. भाऊ परदेशात, घर बंदच होतं. मांडवीकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत चिऱ्यांचं ते छोटंसं घर आहे. तिथून समुद्र दिसत नाही, पण गल्लीच्या तोंडाशी आभाळ जरा जास्तच पांढरं असतं आणि त्यावरून तो तिथे आहे हे कळतं.

मुंबईत काय करत होता, असं एकदा रेश्माने त्यांना विचारलं. रेश्मा आमच्याकडे मासे घेऊन येते. टोपली पायरीवर ठेवून ती टेकली होती आणि वसूताई बांगडे निवडत होत्या, म्हणजे बांगडा हातात धरून बोलत होत्या. त्यांनी सांगितलं की आम्ही जंतू शिकवून शहाणे करायचो. निरोगी माणसाच्या पोटातला एक गरीब, निरुपद्रवी जंतू घ्यायचा. त्याच्या आत एक नवीन सूचना बसवायची. मग तो पोटात गेला आणि तिथे आग आग होतेय असं त्याला जाणवलं, की त्याने आपण होऊन ती शांत करणारं द्रव्य तयार करायचं. कोणाच्या अंगात एखादी गोष्ट पचवायची ताकदच नसते, त्याच्यासाठी वेगळा जंतू. आणि वसूताईंचं स्वतःचं काम होतं ते मनासाठीच्या जंतूचं. पोटातून मेंदूकडे एक मोठी नस जाते, तिच्या वाटेने बरं वाटल्याचा निरोप वर जावा, एवढं त्याने करायचं.

रेश्मा म्हणाली, मग ते शहाणे जंतू बाहेर पडून गावभर पसरले तर? वसूताईंनी बांगडा खाली ठेवला. त्याचीही सोय केलेली होती, त्या म्हणाल्या. एक ठरावीक खाद्य आम्ही देऊ तेव्हाच ते जगतील, शरीराबाहेर पडले की मरतील, अशीच त्यांची घडण केली होती. मग गल्लीच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "शिकवून मोठं केलं आणि परतायला घर ठेवलं नाही."

रेश्माने त्या दिवशी बांगडे निवडून, कापून, धुऊन दिले. एरवी ती तसं कोणाचं करत नाही.

वसूताईंचा दुसरा नाद विरजणाचा. कोणाच्याही घरी गेल्या की निघताना पिशवीतून स्टीलची बारकी डबी काढायच्या आणि चमचाभर दही मागायच्या. लग्न असो, बारसं असो, समाचाराला गेलेल्या असोत. प्रत्येक घरचं विरजण वेगळं, असं त्यांचं म्हणणं. घरी फडताळात ओळीने काचेच्या बरण्या, प्रत्येकीला जुन्या साडीचा तुकडा गुंडाळलेला, आणि त्यांची नावं घरावरून. "आज खेडच्या वहिनी लागल्या नाहीत," त्या काळजीने सांगायच्या, "हवा गार आहे, त्यांना सोसत नाही." खेडच्या वहिनी म्हणजे वसूताईंच्या चुलतभावाची बायको, आणि ती बिचारी खेडमध्ये ठणठणीत होती.

या नादातून एकदा अनर्थ ओढवला. समोरच्या घरातलं दही तारेसारखं लांबायला लागलं होतं. तिथल्या सूनबाईंनी वसूताईंना दाखवलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, घरात कोणाचं भांडण झालंय का? सूनबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं, कारण झालं होतं. दोन दिवसांत गल्लीभर झालं की वसूताईंना दह्यावरून घरातली भांडणं कळतात. लोक दही झाकून ठेवायला लागले. एका सासूबाईंनी तर वसूताई येताना दिसल्या की बाजारातून पाकिटातलं दही आणून पुढे करायला सुरुवात केली. वसूताई फार ओशाळल्या. आपण गंमत केली होती, विरजणात दुसराच जंतू शिरला की दही तसं होतं, हे त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही. पण त्या काळात आमच्या गल्लीत भांडणं खरोखरच कमी झाली, हे मी शेजारी म्हणून सांगू शकतो.

आता अप्पांकडे येतो, कारण वसूताईंची खरी ओळख मला अप्पांमुळे झाली.

अप्पा म्हणजे माझे वडील. आमचं मूळ गाव बुरोंडी. अप्पांनी सारा जन्म मालवाहू बोटींवर स्वयंपाक केला. कुठल्या कुठल्या बंदरांची नावं मी त्यांच्याकडून आधी ऐकली आणि नकाशात नंतर पाहिली. निवृत्त झाल्यावर घरातलं स्वयंपाकघरही त्यांनीच ताब्यात घेतलं होतं. माझी आई बाजूला बसून सूचना करायची, ते ऐकल्यासारखं करायचे आणि त्यांना हवं तेच करायचे. दुपारभर आमच्या घरातून दोघांचा आवाज आणि कोकमाचा वास येत असायचा.

आई गेली आणि अप्पा स्वयंपाकघरात जाईनासे झाले. मग जेवेनासे झाले. पोटात कळ येते म्हणायचे, काही खाल्लं की तासभर मोरीत जाऊन बसायचे. इथल्या डॉक्टरांना दाखवलं, कोल्हापूरला नेऊन दुर्बिणीने आतडं तपासून आणलं. सगळं ठीक. शेवटी एका मनाच्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, धीर धरायला सांगितलं. त्या गोळ्या माझी बायको नीता हिला जास्वंदीच्या बुंध्याशी सापडल्या. अप्पा गडग्याबाहेर पाऊल टाकत नव्हते. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जन्मभर समुद्रावर राहिलेला माणूस समुद्राकडे पाठ करून झोपायचा. एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "माझी ड्युटी संपली रे. आता खाली उतरवा मला."

मी शाळेत गेलो, मुलांना वारे शिकवले, आणि संध्याकाळी घरी न जाता थेट वसूताईंकडे गेलो.

गल्लीत एक बातमी होती की वसूताईंनी मुंबई सोडताना ते शहाणे जंतू बरोबर आणले आहेत आणि त्यांच्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ते निळ्या बाटल्यांत आहेत. निळ्या बाटल्या कोणी पाहिल्या नव्हत्या, पण त्या निळ्या आहेत याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. आंब्याला मोहोर आला होता, हवेत त्याचा गुंगीसारखा वास होता आणि खाडीवरून धुकट ऊन येत होतं. मी पायरीवर बसलो आणि सांगितलं की वसूताई, मला त्यातली एक बाटली द्या.

त्यांनी मांडीवरच्या मांजराला खाली ठेवलं. मग उठून आत गेल्या, फ्रीज उघडला आणि मला हाक मारली. आत दूध होतं, कोथिंबीर होती, अर्धं लिंबू होतं. बाटल्या नव्हत्या. असत्या तरी अशा कोणाला देता येत नाहीत, त्या म्हणाल्या. ते औषध अजून झालेलंच नाही.

मग त्यांनी मला ती हकिकत सांगितली. उंदरांत ते जंतू फार छान काम करत होते. कोपऱ्यात अंग चोरून बसणारे उंदीर उठून फिरायला लागायचे. मग रीतसर परवानगी घेऊन माणसांवर चाचणी झाली. पोटाने आणि मनाने त्रासलेली माणसं आली. काहींना जंतूंची पुडी, काहींना दिसायला तशीच पण नुसत्या पिठाची. कोणाला काय मिळतंय हे वसूताईंनाही ठाऊक नव्हतं. बरीच माणसं सुधारली. कोणी जेवायला लागलं, कोणी गाडी पकडून कामावर जायला लागलं. वसूताईंना वाटलं, जिंकलो. मग चाचणी संपली, कोणाला काय दिलं होतं ते उघड झालं, आणि कळलं की नुसतं पीठ खाल्लेलेही तेवढेच सुधारले होते.

मी विचारलं, म्हणजे जंतू खोटेच का?

"खोटे कसे असतील? माणसात अजून जमलं नाही, एवढंच," त्या म्हणाल्या. दुसरीकडे लोक काम करत आहेत, कधीतरी जमेलही. त्यांचं काम मात्र तिथे थांबलं. आणि मग त्यांच्या डोक्यात एक वेगळाच किडा शिरला. पीठ खाऊन त्या माणसांना बरं का वाटलं? ती दर आठवड्याला यायची. वसूताई त्यांच्यासमोर बसून विचारायच्या, काय खाल्लं, कसं लागलं, कुठे दुखलं, झोप आली का. एक गृहस्थ तर दुधीची भाजी कशी झाली होती हेच अर्धा तास सांगायचे. चाचणी संपल्यावरही ते येऊन बाहेरच्या बाकावर बसले होते, आता येऊ नका हे त्यांना वसूताईंनाच सांगावं लागलं. "हे शास्त्र नव्हे हो," त्या म्हणाल्या, "माझा आपला अंदाज. पण मी उद्यापासून तुमच्या अप्पांकडे येते. गोळ्या मात्र त्यांनी माझ्यासमोर घ्यायच्या. डॉक्टरांच्या वर मी नाही."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, स्टेथोस्कोप गळ्यात घालून. अप्पांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. वसूताईंनी त्यांच्या पाठीमागे खुर्ची ओढली आणि काल काय खाल्लं ते विचारलं. उत्तर नाही. परवा? उत्तर नाही. मग त्या नुसत्या बसल्या, जरा पेंगल्यासुद्धा, आणि तासाभराने निघून गेल्या. आठवडाभर असंच चाललं. गोळी तेवढी अप्पा मुकाट्याने घेत, बहुधा बाई जावी म्हणून. एकदा त्यांनी अप्पांच्या पोटाला चकती लावली आणि इतका वेळ लावून ठेवली की अप्पांनाच राहवलं नाही. काय म्हणतायत, त्यांनी विचारलं. वसूताई म्हणाल्या, आत कोणी बोलत नाहीये, सगळे दार लावून बसलेत.

मग त्यांनी घरून पदार्थ आणायला सुरुवात केली. इथे मला स्पष्टच लिहायला हवं की वसूताईंना स्वयंपाक येत नाही. जंतूंना काय आवडेल याचा विचार करून त्या पदार्थ करायच्या, माणसाचा विचार त्यात नसायचा. केळफुलाचं काहीतरी आंबवलेलं. नाचणीची आंबील, पण अशी की वाटीत चमचा उभा राहावा. नीताने एकदा शेजारधर्म म्हणून एक घास खाल्ला आणि त्यानंतर वसूताई आल्या की तिला माळ्यावर काम निघायचं.

अप्पांनी ती आंबील नुसती हुंगली. मग उठून बसले. कित्येक आठवड्यांत ते स्वतःहून उठून बसले नव्हते. "बाई," ते म्हणाले, "ही मी बोटीवर वाढली असती तर लोकांनी मला समुद्रात टाकला असता."

वसूताईंनी नम्रपणे विचारलं, काय चुकलं? अप्पांनी सांगितलं. नाचणी कोणत्या पाण्यात भिजवायची, किती आंबू द्यायची, ताक कधी घालायचं. वसूताई ऐकत होत्या आणि मधे मधे असे प्रश्न विचारत होत्या की अप्पांना चीड यावी. शेवटी अप्पा म्हणाले, तुम्हाला सांगून नाय जमायचं, आणि भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले. माळ्यावरून नीताला भांड्यांचा आवाज ऐकू आला. ती खाली आली आणि दारातच उभी राहिली.

एका दिवसात सगळं बदललं असं नाही. काही दिवस अप्पा पुन्हा भिंतीकडे वळायचे, कळ यायची, मोरी चालू व्हायची. डॉक्टरांनी गोळीत फरक केला. पण हळूहळू दुपारचं जेवण अप्पांचं झालं. आणि त्या जेवणाला वसूताई आल्याच पाहिजेत, असा नियम पडला. कुळथाचं पिठलं, सोलकढी, कधी भाजलेलं सुकट. वसूताई खूप बोलायच्या. आतड्याच्या आतल्या भिंतींवर समुद्रातल्या शेवाळासारखे तंतू कसे हलतात, तिथे कसा अंधार असतो आणि तरी त्या अंधारात कशी वर्दळ असते, हे त्या अर्धवट डोळे मिटून सांगायच्या, आणि आमचं घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. अप्पा ऐकत बसायचे. मला वाटायचं, वसूताईंचा उपचार चालू आहे.

एकदा त्या गेल्यावर अप्पा मला म्हणाले, तिच्या ताटाकडे कधी बघितलंस? मी बघितलं नव्हतं. ती जेवत नाय, अप्पा म्हणाले. बोलता बोलता भात इकडचा तिकडे करते, आमटी त्यावर ओतते, आणि ताट भरल्यासारखं तसंच राहतं. बोटीवर एक पोरगा होता असा, ते म्हणाले, फार हसवायचा सगळ्यांना. त्याचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

मला ते तेव्हा फारसं पटलं नाही. वसूताई आणि दुःख हे दोन शब्द माझ्या मनात शेजारी बसत नव्हते.

मग तो रविवार आला. भात निवत चालला तरी वसूताई आल्या नाहीत. खुर्चीतही नव्हत्या, मांजर रिकाम्या खुर्चीत झोपलं होतं. फोन वाजून वाजून बंद झाला. मी जाऊन बघतो म्हणालो, तोवर अप्पांनी पायांत वहाणा सरकवल्या होत्या. आई गेल्यापासून, डॉक्टरांकडे नेलं तेवढं सोडलं तर, ते गडग्याबाहेर गेले नव्हते. ते पुढे आणि मी मागे, असे आम्ही त्या पांढऱ्या उन्हात चाललो. समोरच्या सूनबाई वाळवण घालत होत्या, त्या हात थांबवून बघत राहिल्या.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडक्या बंद होत्या. फडताळातल्या बरण्यांवर निळसर बुरशी धरली होती, दोन-तीन उलटून सांडल्या होत्या. कितीतरी दिवस त्यांच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे रोज दुपारी बोलणाऱ्या बाईंच्या घरी हे असं असेल याची मला कल्पना नव्हती. आतल्या खोलीत वसूताई कॉटवर पडून होत्या. डोळे उघडे होते.

त्या आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "अप्पा, आज मी घरी नाही."

"बरं," अप्पा म्हणाले. "मग मी तुझ्या सैपाकघरात बसतो."

इतके दिवस ते त्यांना अहोजाहो करत होते. हे ‘तू’ कुठून आलं मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं. त्यांनी खिडकीची एक झडप किंचित उघडली, तांदळाचा डबा शोधला, हुंगला, तांदूळ धुतले आणि पेज चढवली. मी कॉटजवळ स्टुलावर बसलो.

पेजेला उकळी आली तेव्हा वसूताई आपण होऊन बोलल्या. आवाज त्यांचाच, पण फार लांबून आल्यासारखा. कॉलेजात होते तेव्हापासून हे येतं, त्या म्हणाल्या. काही महिने बरं असतं, मग असं खाली ओढून नेतं. पोट आधी बंद होतं, मग सगळंच. म्हणून तर त्या या कामात शिरल्या. इतरांसाठी वगैरे नंतर सुचलं. चाचणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी, कोणाला न सांगता, त्यांनी पहिली पुडी स्वतः घेतली होती. करायला नको होतं, पण घेतली.

"मग?" मी विचारलं.

"माझ्यात ते राहिलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस होते. मी रोज तपासायची. कमी होत होत एक दिवस एकही सापडला नाही. माझ्या हातचे होते सगळे, सुधीर. तेसुद्धा सोडून गेले."

खिडकीच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी त्यांच्या पांघरुणावर पडली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. इतक्या सावकाश, की ती खाली येतेय की वर जातेय ते सांगता येत नव्हतं. एक माणूस म्हणजे चाळ असते, असलं काहीतरी त्यांचंच त्यांना ऐकवावं असं मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं.

पुढचं सगळं नंतर रीतसर झालं. त्यांच्या मुंबईच्या डॉक्टरांना नीताने फोन केला. त्यांच्याही गोळ्या होत्या, त्याही बंद झालेल्या होत्या, त्या पुन्हा चालू झाल्या. भाऊ येऊन राहून गेला. झाडावर आंबे पिकेपर्यंत त्या बऱ्याचशा सावरल्या आणि आता, वर म्हटलं तसं, दुपारी खुर्चीत दिसतात. मधे मधे अजूनही नसतात. तेव्हा काय करायचं ते आम्हाला माहीत झालं आहे.

पण त्या रविवारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अप्पा पेजेची वाटी घेऊन आले. वर थोडं मीठ आणि तुपाचा थेंब. त्यांनी मला स्टुलावरून उठवलं, स्वतः बसले आणि वसूताईंच्या पाठीमागे उशी सरकवली. मी बाहेरच्या खोलीत गेलो. तिथून मला अप्पांची पाठ आणि वसूताईंचा चेहरा दिसत होता.

अप्पांनी कसं वाटतंय म्हणून विचारलं नाही. ते एका बंदराबद्दल सांगायला लागले. तिथे बोट कशी दिवसेंदिवस बाहेरच उभी होती, आत घ्यायला जागा नव्हती, किनारा दिसत होता, दिवे दिसत होते, वारा पडलेला. भाजी संपली, कांदे संपले, नुसते तांदूळ उरले. तेव्हा रोज पेज. लोक वैतागले, शिव्या द्यायचे, पण वाटी रिकामी करायचे, कारण करायला दुसरं काही नव्हतं. सांगता सांगता ते चमचा पुढे करत होते आणि वसूताई ऐकता ऐकता तोंड उघडत होत्या. मधे एकदा त्या म्हणाल्या, मीठ कमी आहे. अप्पा उठले, मीठ घेऊन आले आणि गोष्ट होती तिथून पुढे चालू केली.

बोट शेवटी आत लागली की नाही ते मला कळलं नाही, कारण अप्पांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि थांबला. मी दारात जाऊन बघितलं. वाटी रिकामी होती. वसूताई उशीला टेकून झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं होतं. अप्पांनी त्यांच्या हनुवटीवरचा पेजेचा थेंब पंच्याच्या टोकाने पुसला.

बाहेर कोणाची तरी रिक्षा चढ चढून गेली आणि पुन्हा शांत झालं. दुपार कलायला लागली होती. अप्पा सकाळपासून स्वतः जेवले नव्हते हे माझ्या लक्षात आलं. मी खुणेनेच विचारलं, आता घरी जाऊ या का, नीता वाट बघत असेल.

अप्पांनी मान हलवली. रिकामी वाटी उचलून ते स्वयंपाकघराकडे निघाले आणि माझ्याजवळून जाताना कुजबुजले, "तू जा. मी आनखी थोडी टाकून ठेवतो. उठली की भूक लागंल तिला."